ऑडिटच्या दिवशी शाळा भरते

"आज शाळंत जा गो सगळ्या. बाय आलीय."

पेणजवळच्या जोह्यातल्या एका गणपतीच्या कारखान्यात, मागच्या दाराशी कुणीतरी असं म्हणालं. पुढच्या दाराशी मला खुर्ची आणि लिंबू सरबत मिळत होतं. बाय म्हणजे मीच. आल्याआल्या फोनवर ऑफिसातल्या माझ्या साहेबांशी इंग्रजीत बोलले होते आणि नंतर गप्प होते. त्यावरून हिला मराठी येत नाही, असं कारखान्यात सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी ते खोडून काढलं नाही. माझ्या नोकरीत ते सोयीचं पडतं.

नोकरी सोशल ऑडिटची. शहरातली मोठी कंपनी मूर्तींची ऑर्डर देते, तेव्हा तिथे चौदा वर्षांखालचं मूल कामाला नाही ना, हे मी जाऊन बघायचं. मी येणार हे कारखान्याला आधी मेलने कळवतात. पारदर्शकतेसाठी.

मालक नंदूकाका मला आत घेऊन गेले. साच्यातून मूर्ती निघत होत्या. बायका त्या पॉलिश पेपरने घासत होत्या. एक माणूस स्प्रेने रंग मारत होता. थांबली होती ती फक्त आखणी, म्हणजे डोळे काढायचं काम. भिंतभर रंगवलेले गणपती, आणि एकालाही डोळे नाहीत. समोर बसायचे बुटके पाट ओळीने मांडलेले. एकावर सुमन नावाच्या बाई कशाबशा मावल्या होत्या. हातातला ब्रश कोरडा.

मी मूर्तीच्या डोळ्यांच्या जागी बोट दाखवलं.

"ये करती है ना, मॅडम," नंदूकाका म्हणाले. मग सुमनताईंना, "हलव गो ब्रश जरा."

"मला कुठं येतंय? कविताचं काम हाय ता. मला शिकवलंस कवा?"

"तुला शिकवून मोठ्या माणसाचा रेट देऊ?"

"मग माझ्या घासकामावर घर चालवून दाखव. एक महिना."

नंदूकाका हसले आणि माझ्याकडे वळले. "बहुत पुरानी कारीगर है."

इथे मजुरी नगावर मिळते, म्हणजे जितक्या मूर्ती तितके पैसे. कविता ही सुमनताईंची मुलगी. तिने काढलेले डोळेही आईच्याच नावावर जमा होत, पण पोरांच्या कमी रेटने. त्यामुळे कागदोपत्री कारखान्यात एकही मूल नव्हतं. एक आई मात्र फार झपाट्याने काम करत होती.

गावातली शाळा पाहणं हाही ऑडिटचा भाग. गुरुजी खुशीत होते.

"मॅडम, आज पट भरलाय. तुम्ही दर आठवड्याला येत जा."

सहावीच्या वर्गात मागच्या रांगेतल्या मुलींच्या नखांत सोनेरी रंग होता. गुरुजींनी त्यातल्या एकीला कविता म्हणून हाक मारली, फळ्याशी बोलावलं आणि अपूर्णांकांची बेरीज घातली. ती अर्धी झाली आणि तासाची घंटा वाजली.

मी निघाले तशी ती मागोमाग आली.

"बाय, उद्या पण हायस काय?"

मी चपला घालू लागले.

"गुरुजी उरलेलं उद्या शिकवनार हायत. तू असलीस तर काका पाठवतील."

मी मान हलवली. ती 'हो' होती की 'नाही', हे मलाच ठरवता आलं नाही.

बाहेर येऊन साहेबांना फोन लावला.

"मूल दिसलं?"

"कारखान्यात नाही."

"मग पास."

"सर, पण शाळेत—"

"तू लिहिलंस तर ऑर्डर कॅन्सल. बायका दुसरीकडे काम शोधतील, मुलांना घेऊन. तिथे ऑडिटही नसेल. चालेल?"

साहेबांचं बरोबर होतं. पंचाईत तीच होती.

बॅग घ्यायला कारखान्यात परतले. पोह्यांची प्लेट माझ्या हातात देता देता नंदूकाका आतल्या बाजूला ओरडले, "शाळा सुटली का पोरींना हाक मार. उद्या शाळा नाय म्हणावं, रांग उरकायचीय. बाय चाललीय." सुमनताईंनी ब्रश ठेवला आणि पाटावरून उठल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ऑडिटने बालमजुरी थांबते की नाही, हे मी अजूनही खात्रीने सांगू शकत नाही. शाळा भरते, हे मात्र पाहिलंय. त्या वर्षी गणपती बसेपर्यंत पेण-जोहे एसटीचा कंडक्टर मला न विचारताच तिकीट देऊ लागला होता. साहेबांना हा खर्च शेवटपर्यंत कळला नाही. पण ते पुढचं. त्या दिवशी मी प्लेट खाली ठेवली आणि मराठीत म्हणाले,

"काका, आखणी सुमनताईंना शिकवा, मोठ्या माणसाच्या रेटने. मी उद्या पण येणार आहे. परवाचं सांगत नाही."