धुरपदाबाईंचा पंप

देवगाव फाट्यावर बसमधून उतरलं की आधी धुरपदाबाईंच्या हॉटेलाचा पत्रा दिसतो आणि मग खांबाला साखळीनं बांधलेला हवा भरायचा पंप. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक भट्टी आणि भज्यांची कढई. पंप नवऱ्याचा. नवरा सायकलवर दूध घालायचा, तो गेला तेव्हा गोपाळ चार वर्षांचा होता. मागं राहिला तो हा पोरगा आणि हा पंप. चहा घ्या न घ्या, सायकलवाल्याला हवा फुकट. तीही त्याला भरू द्यायच्या नाहीत. पदर खोचून स्वतः भरायच्या, अंगठ्यानं टायर दाबून बघायच्या, अंगठा जरासा आत गेला की आणखी चार दट्टे मारायच्या.

"लांब जायचंय न्हवं, मंग टायर कसं टाईट पायजे," असं म्हणून पंप परत साखळीला अडकवायच्या.

मी इथल्या शाळेत एकवीस वर्षं मास्तर आहे. शाळा सुटली की माझा मुक्काम त्या बाकड्यावर. शेजारी बियाण्याच्या दुकानाचे मालक तात्याराव, समोर बी.ए. होऊन घरी बसलेला आदिनाथ, आणि आमचा विषय बारा महिने एकच, खडकवाडीची दगडरस्त्याची शर्यत.

फाट्यापासून चार कोसांवर खडकवाडी. पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाड्या रुतायच्या म्हणून निजामाच्या काळात कुणीतरी तिथं मैलभर दगड बसवले. दगडांच्या पाठी आता घासून गुळगुळीत झाल्यात आणि मधल्या फटीत निम्मं चाक बसतं. दर हनुमान जयंतीला तिथं सायकलींची शर्यत असते. गियरवाली सायकल चालत नाही, साधी काळीच पाहिजे. तीन फेऱ्या, आणि दर फेरीत एकदा तो दगडांचा मैल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून माईकवर शर्यत सांगायचं काम माझं. मागं राहिलेल्याला मी 'शेवटून पहिला' म्हणायचो आणि सगळं गाव हसायचं. आपल्या जिभेवर मी फार खूश होतो.

आमच्यापैकी एकानंही त्या दगडांवर कधी सायकल घातलेली नव्हती. पण अक्कल पाजळायला काय लागतं? मधल्या उंचवट्यानं जावं की कडेच्या मातीनं, डांबरावर कुणाच्या आड बसून वारा चुकवावा, शेवटच्या फेरीत जोर कुठं लावावा, यावर आम्ही चहावर चहा रिचवत तावातावानं बोलायचो. तात्याराव भट्टीतल्या कोळशानं फरशीवर वळणं काढून दाखवायचे.

धुरपदाबाईंचा गोपाळ या शर्यतीचा राजा होता. सलग तीन वर्षं पहिला. दगडांवर बाकीचे नाचत-आदळत जायचे आणि हा चिकटून गेल्यासारखा जायचा. कसा, ते आम्हाला कधी उमगलं नाही. आम्ही म्हणायचो, हात हलका आहे पोराचा. त्याचा जोडीदार मुंजाजी. डांबरावर दोघं आळीपाळीनं पुढं राहायचे, म्हणजे वारा एकट्याला खावा लागायचा नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या शर्यतीत, तिसऱ्या फेरीला, दगडांचा मैल संपता संपता गोपाळची सायकल उडाली. मुंजाजी त्याच्या मागं हातभर अंतरावर होता. गोपाळचं डोकं दगडाच्या कडेवर आपटलं. परभणीला पोचायच्या आत तो गेला. चोवीस वर्षांचा होता.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती टाळून पुढं जाता येत नाही. त्या क्षणी ट्रॉलीवरून मला नुसती धूळ दिसत होती. तरी माझ्या तोंडून माईकवर निघून गेलं, "मुंजाजीचं चाक लागलं." दोन हजार माणसांनी ते ऐकलं. मुंजाजीनं सायकल टाकून गोपाळचं डोकं मांडीवर घेतलं होतं, ते किती जणांनी पाहिलं कोण जाणे. संध्याकाळपर्यंत मी बोललो तेच खरं झालं. कुणी म्हणे चुकून लागलं, कुणी म्हणे मुद्दाम लावलं. मुंजाजी एक शब्द उलट बोलला नाही. न बोलणारा माणूस दोषी असतो, असं आम्हाला वाटलं. त्यानं गाव सोडलं आणि चुडाव्याला, बायकोच्या माहेरी जाऊन राहिला. सहा महिने ऊसतोडीला आणि सहा महिने तिथं, असं त्याचं चाललेलं आम्हाला कळायचं.

आम्ही मात्र थांबलो नाही. सहा वर्षं त्याच बाकड्यावर, गोपाळच्या आईसमोर, त्या शेवटच्या मैलाची चिरफाड करत राहिलो. आज लिहिताना लाज वाटते. पण बाईंनी आम्हाला कधी गप्प केलं नाही. त्या स्वतः बोलायच्या नाहीत, फक्त चर्चा लांबली की न मागता दुसरा चहा समोर यायचा. खूप दिवसांनी मला कळलं की आम्ही बोलतोय तोवर त्यांचा पोरगा सायकलवर असायचा, दुसऱ्या फेरीत, सगळ्यांच्या पुढं. आम्ही उठलो की तो पुन्हा पडायचा.

या वर्षी एप्रिलात, एका रविवारी संध्याकाळी, आदिनाथनं मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून लावला. तिकडं फ्रान्समध्ये अशीच दगडी रस्त्यांची शर्यत असते, मोठी, शंभर वर्षांहून जुनी. आम्ही तिघं त्यात तोंड घालून बसलो आणि पाच मिनिटांत त्यांनाही शिकवायला लागलो.

"तो निळ्या बनियनवाला बघा," तात्याराव म्हणाले. "एवढ्या लवकर कामून निघायलाय पुढं? वारा खाऊन मरंल."

"त्याचे दोन गडी मागं बसलेत तात्या," आदिनाथ म्हणाला. "ते बाकीच्यांना अडवायलेत."

"आन तो लांब टांगांचा? दगडं आले की लगेच मधल्या उंचवट्यावर. शाना हाय."

मी म्हणालो, "पण हे लोक आदळत कसे नाहीत? आपल्या गोपाळसारखे चिकटून चाललेत."

आदिनाथनं कुठंतरी वाचलेलं सांगितलं. "हवा, गुरुजी. दगडासाठी टायरमधली हवा मुद्दाम कमी करतेत. मऊ टायर दगडाला धरून ऱ्हातंय. टाईट आसलं की चेंडूवानी उडतंय."

कढईवर झारा धरून उभ्या असलेल्या धुरपदाबाई वळल्या.

"काय म्हणलास?"

आदिनाथनं पुन्हा सांगितलं. उत्साहात होता बिचारा, आकडेसुद्धा सांगितले.

"दगडावर हवा कमी लागती?" बाईंनी विचारलं.

"व्हय माय. आपल्या गोपाळला बी म्हाईत आसंल. तवाच तर..."

तो तिथंच थांबला, कारण बाई मटकन खाली बसल्या होत्या. भजी जळायला लागली. तात्यारावांनी उठून कढई खाली उतरवली. बाई आमच्याकडं न बघता, खांबाच्या पंपाकडं बघत बोलल्या. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आदल्या सांजंला त्यानं सायकल पुसून इथंच लावली. सकाळी तो आंघोळीला गेला आन मी टायर दाबून बघितलं. अंगठा आत जायला. म्हणलं, लेकराची हवा उतरली, गडबडीत बघितलं न्हाई त्यानं. मी भरली. दोनी चाकं. चांगली टाईट भरली."

  मोबाईलवर कुणीतरी शर्यत जिंकली. आदिनाथनं मान खाली घालून तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी हॉटेल उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी बाई शाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "गुरुजी, मला चुडाव्याला न्या. त्या लेकराच्या माथी माझं पाप हाय." त्यात निम्मं पाप माझंही होतं, म्हणून मी रजा टाकली.

सेलूहून पॅसेंजर धरली. परभणी येईपर्यंत बाई खिडकीला डोकं लावून बसल्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "एक बरं झालं बगा. त्याला कळलं न्हाई."

"कशाचं?"

"का पडला ते. त्याला वाटलं आसंल दगडाचं काम, न्हाई तर नशिबाचं. आईनं केलं, हे घेऊन न्हाई गेला तो." पदर तोंडाला लावून त्या पुढं म्हणाल्या, "दोन रात झोप न्हाई मला. पर तेवढ्यावर जीव ठिवलाय. त्याला कळलं न्हाई."

मी हो म्हणालो. 

मुंजाजीचं घर चुडावा स्टेशनच्या पाठीमागं होतं, पत्र्याचं. चारच दिवसांपूर्वी तो तोडीवरून परतला होता. तिशीतला माणूस, पण खांदे पार उतरलेले आणि तळहातांना वाळल्या जखमा. बाईंना बघून तो उभाच राहिला. मग वाकून पाया पडला. त्याच्या बायकोनं, राजेश्रीनं, पाणी दिलं आणि ती आत गेली.

बाईंनी पाण्याला हात लावला नाही. हात जोडले आणि सगळं सांगितलं, पंप, अंगठा, दोन्ही चाकं. "तुझं चाक लागलं न्हाई, मुंजा. माज्यामुळं गेला तो. आता सगळ्या गावाला सांगते मी. तू घरी चल."

मुंजाजी जमीन उकरत बसला. मी माझंही बोलून टाकलं, माईकचं. त्यानं नुसती मान हलवली, जणू ते फार मोठं नव्हतंच.

"मावशी," तो म्हणाला, "मला म्हाईत होतं."

"काय म्हाईत होतं?"

"हवेचं. पयल्या फेरीत दगडं लागले तवाच गोपाळ म्हणला, मुंजा, टायर लय टाईट हायत, सायकल हातात ऱ्हाईना. थांबून हवा सोडू का? मी म्हणलो, थांबू नको. म्होरले निघून जातेल." मग त्याचा आवाज खाली आला. "खरं सांगू का? तो थांबला आसता तर डांबरावर मला एकट्याला वारा खावा लागला आसता. त्याच्या आड मी बसलो होतो. म्हणून म्हणलो थांबू नको. त्यानं ऐकलं माजं."

बाई त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. पुढचं विचारू नये असं मला वाटत होतं, पण त्यांनी विचारलं.

"त्याला कळलं होतं? कुणी भरली ते?"

मुंजाजीनं माझ्याकडं पाहिलं. 

"हासला तो," मुंजाजी म्हणाला. "म्हणला, आईनं भरली आसंल. तिला सांगू नको मुंजा, तिला वाईट वाटंल. एवढंच म्हणला. त्याच्या तोंडचं ते शेवटचं, माझ्यासंगं. म्हणून कुणी काय बी म्हणलं तरी मी बोललो न्हाई. काय बोलणार? आन बोलून तरी, थांबू नको म्हणणारा मीच की."

मी वाट बघत होतो बाई रडतील म्हणून. त्या रडल्या नाहीत. उठल्या, मुंजाजीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्टेशनकडं चालायला लागल्या. मुंजाजी आमच्याबरोबर आला नाही. गावाला सांगू नका, एवढंच त्यानं मला दोनदा सांगितलं. 'त्याला कळलं न्हाई' हा बाईंजवळ उरलेला एकच आधार तिथं संपला, आणि तिथं त्यांना घेऊन गेलेला मी. 

मी गावात सांगितलं. मुंजाजीनं नको म्हटलं होतं तरी सांगितलं, कारण माईकवरचं खोटं मला गिळवत नव्हतं. त्याचं चाक लागलं नाही एवढा भाग निस्तरावा, हा हेतू. पण हॉटेल पुन्हा उघडल्यावर बाकड्यावर सांगायला बसलो आणि सगळंच सांगून बसलो. ऐकून सगळे हळहळले. हळहळ किती वेळ टिकावी? पहिला चहा संपेपर्यंत.

"पर मी काय म्हणतो," तात्याराव हळूच म्हणाले आणि हात आपोआप कोळशाकडं गेला. "पयल्या फेरीत थांबून हवा सोडायला किती येळ लागतोय? आर्धं मिनिट. तेवढं डांबरावर भरून निघालं आसतं का?"

"न्हाई निघत," आदिनाथ म्हणाला. "जोडी तुटली की संपलं. डावाच्या हिशोबानं मुंजाजी बरोबरच बोलला."

"आन दुसऱ्या फेरीत सोडली आसती तर?"

मी त्यांना गप्प करायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मीही मनात अर्धं मिनिट मोजत होतो.

धुरपदाबाई चहाचे कप घेऊन आल्या. सगळ्यांसमोर एकेक ठेवला. सहा वर्षांत त्या या चर्चेत कधी पडल्या नव्हत्या.

"थांबायला पायजे होतं त्यानं," त्या म्हणाल्या. "घरी येऊन माज्या नावानं बोंबलायला पायजे होतं. शेवटून पयला आला आसता, पर घरी आला आसता."

मग आधीचे रिकामे कप गोळा करून त्या भट्टीकडं गेल्या. बाहेर एक सायकलवाला पंपापाशी येऊन उभा होता, टायर दाबून दाखवत. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "तूच भर बाबा. मला कळत न्हाई त्यातलं."