तागडीबाई

तागडीबाई काही मागायला आल्या की कधी बसत नसत. खुर्ची पुढे केली तरी उभ्याच. सौद्यात जो आधी टेकतो तो आधी नरम पडतो, हे मला धान्याच्या मोंढ्यात पोती वाहता वाहता कळलं. ह्या बाईंना ते कोणी शिकवलं होतं, देव जाणे. माझी डाळमिल लातूरच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला, एका गावाला लागून आहे. बाई त्या गावच्या अंगणवाडीच्या सेविका. डोक्यावर पदर, काखेत कापडी पिशवी, आणि सुरुवात ठरलेली: "शेट, तुमाला परवडंल तेवढंच मागायलेय." असं म्हणून मागणारा माणूस परवडणारं कधीच मागत नाही. त्यांचं कौतुक करायला म्हणून मी लिहायला बसलोय खरा, पण माझा त्यांच्यावर राग आहे, आणि तो मी झाकून ठेवणार नाही.

आमच्या मिलमध्ये आता गावचा माणूस कामाला मिळत नाही. आपली पोरं पुण्याला गेली, आणि त्यांची जागा भरायला बिहारची माणसं आली. नवरे पोती उचलतात, बायका डाळ निवडतात, आणि मिलमागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांची लेकरं दिवसभर भुशाच्या ढिगावर. बाई पहिल्यांदा आल्या त्या ह्या लेकरांकडे बघतच.

"ही कोनाची हो, शेट?"

"बिहाऱ्यांची."

"बापाचं गाव न्हाई इचारलं मी. कोनाच्या अंगणवाडीत हायेत?"

"कोणाच्याच नाहीत."

"मग माझ्या," असं म्हणून त्यांनी माझ्या रिकाम्या शेडकडे बोट केलं. ती शेड मी बारदाना, म्हणजे रिकामी पोती, ठेवायला बांधली होती. मी आवाज चढवला, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "बारदान्याला ऊन लागत न्हाई शेट, लेकराला लागतंय." पुढच्या आठवड्यात बारदाना बाहेर ताडपत्रीखाली होता आणि शेडमध्ये सतरंजी.

गावाला हे रुचलं नाही. आमच्या लेकरांचा आहार परक्यांच्या तोंडी कशाला, असं पारावर उघड बोललं जाई. बाईंचं उत्तर एकच असायचं. "लेकराचं गाव म्हंजे मायची मांडी. माय हितं बसली की लेकरू हितलं." नियमही तसाच आहे म्हणतात, जिथे राहतं तिथलं लेकरू. पण बाईंनी गावाला नियम कधी ऐकवला नाही. नियम सांगितला की माणूस भांडतो, मांडी सांगितली की गप्प बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गावची अंगणवाडी उघडायची दहाला आणि माझा भोंगा आठला. दहापर्यंत ही लेकरं सांभाळणार कोण? म्हणून बाई साडेसातलाच शेडमध्ये हजर. इथलं आटोपून मग गावात. पहिल्या दिवशी खिचडी केली ती आपल्या काळ्या मसाल्याची. लेकरं तोंडं उघडी टाकून रडायला लागली, नाकाडोळ्यांतून पाणी. बायका हसून हसून लोळल्या. एक जण म्हणाली, "चाची, ई खिचड़ी है कि सजा?" बाईसुद्धा हसल्या. दुसऱ्या दिवशी त्याच बाईला चुलीपुढे बसवलं आणि स्वतः शेजारी मांडी घालून शिकल्या. बटाटा भाजून कुस्करायचा, वर कच्चं तेल. त्यांची हिंदी म्हणजे आपली दखनी, "हौ", "नक्को" वाली. त्या बायकांची वेगळीच. पण दोन्हीकडून चुका होत असल्यामुळे कोणी कोणाला लाजत नसे.

अडलं ते वजनापाशी. महिन्याला लेकरांचं वजन घ्यायचं असतं. सरकारी काटा आकड्याला टांगतात, त्याला झोळी, झोळीत लेकरू. बाईंनी पहिलं लेकरू झोळीत घातलं मात्र, फुलवा नावाच्या बाईने झडप घालून ते ओढून घेतलं. "बकरा है का, जो टाँग के तौलोगी? नजर लगाओगी बच्चा को?" दुसऱ्या महिन्यात वजनाच्या दिवशी शेडमध्ये चिटपाखरू नाही. सगळ्या खोल्यांना आतून कडी.

मग एके सकाळी बाई माझ्यासमोर उभ्या. "शेट, तुमची जुनी तागडी पडली हाय न्हवं गोदामात?"

होती. इलेक्ट्रिक काटा येण्याआधीची, साखळ्यांची, दोन मोठ्या पारड्यांची. विकायला माझं मन झालं नव्हतं. आपल्याकडे लेकरू दुखण्यातून उठलं की दर्ग्याला नाहीतर देवाला त्याची गुळाने तुला करतात. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात गूळ. अशा तोलण्याने नजर लागत नाही, उलट उतरते, कारण तोललेलं वाटून टाकायचं असतं. बाईंच्या डोक्यात ते आलं होतं. "तुला करू म्हनते लेकरांची. डाळीनं. अन् तोललेली डाळ मायच्या पदरात."

"डाळ कोणाची?"

"मिल कोनाची हाय?"

मी उसळलो. लेकराच्या वजनाइतकी डाळ, दर महिन्याला, प्रत्येकाला! मी म्हणालो, हवी तर डाळीची चुनी, तो तुकडा-कोंडा न्या. त्या म्हणाल्या, चुनी जनावरांना. मी म्हणालो, मूठभर. त्या म्हणाल्या, मुठीनं तुला होत न्हाई. बऱ्याच घासाघिशीनंतर मी टेबलावर हात आपटून शेवटचं सांगितलं: मागच्या महिन्यापेक्षा लेकरू जेवढं वाढलं, तेवढीच डाळ. त्याउपर एक दाणा नाही. बाईंनी थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "बरं. तुमचंच खरं." त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या नेमकं हेच घ्यायला आल्या होत्या. पुरी तुला मागितली ती मी तोडावी म्हणून.

तेव्हापासून त्या तागडीबाई झाल्या. पहिल्या महिन्यात भार तेवढा लिहून घेतला. पुढे एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात त्याच्या मागच्या महिन्याच्या भाराइतकी लोखंडी वजनं. मग बाई ओंजळीने डाळ टाकत जायच्या, दांडी सरळ होईपर्यंत. बायका घोळका करून बघायच्या. जितकं लेकरू वाढलं तितकी पिवळीजर्द डाळ पारड्यात दिसायची आणि आईच्या पदरात पडायची. कडी लावणाऱ्या खोल्यांतून बायका लेकरांना न्हाऊ-माखू घालून, काजळ लावून आणायला लागल्या. "ए मुनिया की अम्मा, तोहार त आज हलुआ बनी!" असल्या चेष्टा चालायच्या. मीसुद्धा त्या वेळी काहीतरी काम काढून शेडकडे जायचो. माझी डाळ किती जाते ते बघायला, असं मी मुनीमजींना सांगायचो.

फुलवाच्या गुडियाच्या पारड्यात मात्र डाळ पडेना. वजनं ठेवली की तीच बाजू खाली जायची. एकदा, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. फुलवा रिकाम्या पदराने उभी राहायची, आणि बाकीच्या बायका हसायच्या थांबायच्या. गुडियाचे दंड काडीसारखे झाले होते, पोट तेवढं पुढे. बाईंनी ठरवलं, हिला शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं नाही तर ही पोर हाती लागत नाही. तिथे अशा लेकरांचा वेगळा वॉर्ड असतो, पण लेकराबरोबर आईला दोन आठवडे राहावं लागतं. फुलवा म्हणाली, मी जाते, पण एकटी राहणार नाही. तिथली सिस्टर मराठीत ओरडेल, मला एक अक्षर कळणार नाही. रात्री पोरीला घेऊन पळून येईन.

"मग मी राहाते तुज्यासंग," बाई म्हणाल्या.

मी त्यांना बाजूला घेतलं. "बाई, गावच्या अंगणवाडीचं काय? तुमच्या मदतनिसाची जागा रिकामी आहे. कुलूप लागेल. गाव टपूनच बसलंय."

"रजा टाकली हाय."

"मंजूर झाली?"

"मंजूर हुईस्तोवर ही जगंल का, शेट?"

त्या गेल्या. वॉर्डात फुलवाच्या खाटेशेजारी चटई टाकून राहिल्या. सिस्टरचं फुलवाला सांगायचं, फुलवाचं सिस्टरला. मी एकदा बघायला गेलो तर वाटी-चमच्याने गुडियाला दूध भरवत होत्या आणि फुलवा भिंतीला टेकून, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच असेल, गाढ झोपली होती. पोर वाचली. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाकीच्या गोष्टीत सांगण्यासारखं चांगलं फार नाही.

इकडे गावाने तक्रार केली. वरच्या कार्यालयातून तपासणीला मॅडम आल्या, त्यांना कुलूप दिसलं. परवानगी नसताना मिलवर चालवलेली शेडही दिसली. बाईंना नोटीस निघाली, आणि शेड बंद करायचा तोंडी हुकूम.

मी जीप काढली. बाईंना घेऊन कार्यालयात गेलो आणि जो आवाज लावला तो बाहेरच्या चहाच्या गाड्यापर्यंत गेला असेल. कोर्टात खेचतो म्हणालो, पेपरात देतो म्हणालो. बाईंनी माझ्या शर्टाची बाही धरली आणि मला व्हरांड्यात आणलं.

"कामून वरडलालाव? माजं काम हाय, मला करू द्या. तुमी जीपमदी बसा."

मी बसलो. आयुष्यात मला कोणी सौद्याच्या जागेवरून उठवून बाहेर बसवलं असेल तर ते त्या दिवशी. बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या, जीपमध्ये चढल्या, पदर सारखा केला.

"झालं, शेट. शेड चालू राहाती. मिलवर येगळं केंद्र मागायचा परस्ताव मॅडम आजच वर पाठवतेत, तोवर शेजारच्या गावची सेविका येती."

"आणि तुम्ही?"

"मी राजीनामा दिला. तेवढ्यानं गाव गप्प बसतंय."

माझा राग तो हा. समोरच्याने पहिला भाव सांगितला की तो खरा नसतो, हे बाईंना माझ्याइतकंच कळत होतं. माझ्याकडून त्यांनी तागडी घेतली, शेड घेतली, डाळ घेतली, प्रत्येक वेळी मला तोडून. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा समोरच्याने मागितलं ते एका बोलण्यात देऊन मोकळ्या! मी दोन्ही मिळवलं असतं. शेडही, बाईही. वर्ष लागलं असतं, पण मिळवलं असतं. मी रस्ताभर त्यांना हेच सुनावत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिलच्या फाटकाशी उतरताना म्हणाल्या, "तुमी जिंकला असताव, ठावं हाय मला. पन तुमी जिंकस्तोवर ही लेकरं कुटं जेवली असती?"

केंद्र मंजूर झालं. नवीन सेविका आली, चांगली आहे, हिंदीही बोलते. बाई बिलोलीकडे लेकीच्या गावी राहायला गेल्या. मी दोनदा जाऊन आलो. मिलमध्ये हवं ते काम देतो म्हणालो. त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. गुडियाचं कसं आहे, हे मात्र दोन्ही वेळा विचारलं. दुसऱ्या वेळी मला सांगता आलं नाही. फुलवाची माणसं छठच्या सणाला गावी गेली, तिथून परस्पर गुजरातेत कामाला लागली, एवढंच मला कळलं होतं. बाई म्हणाल्या, "पायावर चालत गेली न्हवं? मग झालं."

मागच्या उन्हाळ्यात बाई वारल्या. लेकीचा फोन आला तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. ही बातमी सांगावी म्हणून मी शेडकडे गेलो. दारात उभा राहिलो आणि मग कळलं की सांगायचं कोणाला? त्या वेळच्या खोल्यांतलं एकही घर आता इथे नाही. कोणी सुरतेला, कोणी हैदराबादला. त्यांच्या जागी नवी माणसं, नवी लेकरं. दारापाशी बसलेल्या एका बाईने पदर पुढे ओढत विचारलं, "का भइल, सेठ?" मी म्हणालो, काही नाही.

गावाने त्यांना घालवलं, म्हणून गाव त्यांचं नाव घेत नाही. ज्यांच्यासाठी केलं ती माणसं उठून गेली, आणि जाणाऱ्याला मागचं किती आठवणार? आमचे मुनीमजी म्हणतात, शेट, आता तरी राग सोडा, माणूस गेलं. मी सोडणार नाही. त्या बाईंसाठी चिडणारं एक माणूस तरी इथे राहायला हवं.