आमच्या मेलचा चोर

हसायचं तर खुशाल हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. नंतर ठसका लागला तर मला बोलू नका! मी आयुष्यात एकदाच चोर पकडायला गेलो होतो, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात मला कोणी साधा उंदीर पकडायलाही सांगत नाही.

त्याचं असं झालं. आमचे अण्णाकाका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, पंचवटीत उपाध्ये. बाहेरगावाहून लोक श्राद्धाला, पूजेला येतात, त्यांचं सगळं काका बघतात. वडिलांनी नोकरी धरली, मीही सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्सला चिकटलो. पण काकांचा आम्हाला कोण अभिमान! दोन हजार सालानंतरचे दिवस ते. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये नुकताच कॉम्प्युटर आला होता. काकांचे जुने यजमान आता लंडन-अमेरिकेला पांगलेले. मी म्हटलं, "अण्णाकाका, तुमच्या नावाने ईमेल काढून देतो."

"त्या डबड्याला मी हात लावणार नाही सुध्या," काका म्हणाले. "तुझं तू बघ, आणि मला फोनवर सांग."

झालं! काढला ईमेल. पासवर्ड ठेवला 'गोदावरी'. ठेवला आणि कोणाला सांगितला नाही असं समजू नका. घरातल्या एका मुंजीत, भर पंगतीत, मठ्ठा वाढता वाढता सगळ्यांना सांगितला. का? तर मला कॉम्प्युटर येतो हे कळायला नको का लोकांना?

आणि मग एका शनिवारी तो चौकोन आला.

मेलचा प्रोग्राम उघडला की पडद्यावर एक छोटा चौकोन यायचा. नाव सांगा, पासवर्ड सांगा. मी सांगितला. चौकोन गेला. मी मांडी ठोकून बसतोय तोवर पुन्हा हजर! नाव सांगा, पासवर्ड सांगा. अरे बाबा, आत्ताच सांगितला ना? पुन्हा सांगितला. पुन्हा आला. दारात उभं राहून "आपण कोण?" विचारणारा एखादा बहिरा पाहुणा असावा ना, तसा!

"अहो, राहू द्या आता. जेवून घ्या," आमची मीनल म्हणाली.

"आज एक तर हा चौकोन राहील, नाहीतर मी," मी म्हणालो. गंमत नव्हती हो. लंडनच्या वैद्य यजमानांचं उत्तर यायचं होतं. त्यांच्या वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी अख्खं कुटुंब नाशिकला येणार होतं. तीन पिढ्यांचे यजमान ते आमच्या घराचे. मेल चुकला आणि ती माणसं स्टेशनावर ताटकळली, तर काका मला जन्मभर ऐकवणार.

हेल्पलाइनला फोन लावला.

"सर, कॅप्स लॉक चालू आहे का?"

"नाही."

"कॉम्प्युटर बंद करून चालू करा सर."

केला.

"सर, मग तुमचा पासवर्ड चुकीचा असेल."

"अहो मॅडम, मीच ठेवलाय तो! माझा पासवर्ड मला चुकीचा कसा असेल?"

बाईंनी फोन ठेवला. मी प्रोग्राम काढून टाकला, सीडी घालून पुन्हा बसवला. मोडेम किंचाळला, लाइन जोडली गेली, आणि नव्या कोऱ्या प्रोग्राममधून तोच जुना चौकोन वर आला!

शेवटी थेट मेलच्या साइटवर गेलो. 'पासवर्ड विसरलात?' म्हणून विचारत होते. विसरलो नव्हतो हो, पण काय करता, अपमान गिळून 'हो' म्हटलं. त्यांनी खुणेचा प्रश्न विचारला, जन्मगाव कोणतं? सायखेडा. माझं आजोळ ते; मेल काढताना मी माझंच गाव टाकलं होतं. नवा पासवर्ड ठेवला आणि आत शिरलो. जिंकलो!

आणि आत काय बघतो? वैद्यांचं पत्र आलेलं. कोणीतरी ते वाचलेलं. आणि वाचून उत्तरही दिलेलं! तोडक्यामोडक्या इंग्रजीत, आमच्या काकांच्या नावाने: अनेक आशीर्वाद, निर्धास्त या, खोल्या ठेवल्या आहेत, ऊन फार आहे तर टोपी आणा.

आमच्या काकांना तर कॉम्प्युटर सुरू कुठून करतात हेही माहीत नाही! म्हणजे कोणीतरी काकांच्या नावाने यजमान पळवायला बसलंय. आणि इतकं गोड लिहितोय म्हणजे अट्टलच असणार!

"काकांना सांगा ना," मीनल म्हणाली.

"वेडी आहेस का? त्यांना वाटेल मला जमत नाही."

दुसऱ्या दिवशी चौकोन पुन्हा हजर. चोराने पासवर्ड बदलला होता! मी सायखेडा टाकून पुन्हा बदलला. त्याने पुन्हा बदलला. मी बदलला. तोही असा चिवट, की विचारू नका. पण मीही काही कमी नव्हतो. ऑफिसातून आलो की बूट न काढता कॉम्प्युटरसमोर! एकदा तर मी त्याच मेलवर, म्हणजे आमच्याच पत्त्यावर, इंग्रजी अक्षरांत मराठी पत्र ठेवलं. तो आत आला की वाचेलच ना?

"चोरा, दुसऱ्याची पत्रं वाचतोस? लाज वाटत नाही?"

पुढच्या वेळी आत शिरलो तर उत्तर तयार!

"चोर तू. तुझ्या बापाचा मेल आहे का?"

बाप काढला! माझं डोकंच फिरलं. "हिंमत असेल तर समोर ये," मी लिहिलं.

"रविवारी संध्याकाळी पाच. पंचवटी कारंजा, रसाच्या दुकानापाशी. माझ्या हातात काळी छत्री असेल. पळून जाऊ नकोस."

बघा निर्लज्जपणा! चोर मला म्हणतो पळून जाऊ नकोस!

रविवारी सकाळी मी आणखी एक हुशारी केली. आमच्या सगळ्या यजमानांना, वैद्यांनासुद्धा, एक पत्र धाडलं: सावधान, आमचा मेल चोराच्या हाती गेला आहे, या पत्त्यावरून आलेल्या एकाही पत्रावर विश्वास ठेवू नका.

मीनलने ते वाचलं. मग हळूच विचारलं, "अहो, पण हे पत्र पाठवलंत कुठल्या पत्त्यावरून?"

मी तिला चहा टाकायला सांगितलं.

संध्याकाळी ऑफिसातल्या पाटीलला बरोबर घेतलं. पाटील आमच्या स्टोअर्सला आहे, कॉलेजात कुस्ती खेळलेला. नुसता उभा राहिला तरी दोन माणसांचं ऊन अडतं! कारंज्यावर पोचलो, रसाच्या दुकानाकडे निघालो, आणि समोर कोण? अण्णाकाका! शेजारी एक मिशीवाले गृहस्थ.

"सुध्या!" काकांचा चेहरा उजळला. "देवासारखा आलास बघ. इथेच थांब. एक चोर येणार आहे."

"तुम्हाला कसं कळलं?" मी थक्क.

"मला नाही कळणार तर कोणाला? तू आणि हा तुझा मित्र डावीकडून धरा. मी आणि हे कॅफेवाले शिंदे उजवीकडून."

मला काय वाटलं असेल? वाटलं, काकांची केवढी ओळख गावात! बातमी आपोआप पोचली. मग आम्ही चौघंही दबा धरून उभे राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे रोखून बघतोय. एक भाजीवाला बिचारा घाबरून रस्ता ओलांडून गेला. काकांनी सगळ्यांना रस पाजला. पाच वाजून गेले. चोराचा पत्ता नाही.

"टरकला," काका म्हणाले.

"टरकलाच," मी म्हणालो. "छत्री घेऊन येणार होता म्हणे! कुठेय छत्री?"

"छत्री तो कशाला आणेल?" काका म्हणाले. "छत्री तर मी आणलीय." आणि हातातली काळी छत्री त्यांनी जमिनीवर आपटली.

आता ती छत्री मला दिसत नव्हती का? दिसत होती हो! पण काकांच्या हातात छत्री बारा महिने असते, तिच्याकडे कोण बघतो?

पाटीलने ग्लास खाली ठेवला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा काकांकडे. म्हणाला, "सुधीर, मी निघू का?"

मग जो काही उलगडा झाला! काकांनी शिंद्यांच्या इंटरनेट कॅफेत कॉम्प्युटरची गुपचूप शिकवणी लावली होती. सगळ्यांना एकदम चकित करायचं होतं म्हणे. शिंद्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं, पंगतीत ऐकलेला पासवर्ड ठेवू नये, बदलावा. काकांनी बदलला.

"मग मला सांगायचं नाही?" मी ओरडलो.

"तुझा फोन लागतो का कधी? सदा एंगेज!"

एंगेज असणारच. मी फोनची लाइन कॉम्प्युटरला जोडून चोराशी लढत होतो ना!

"आणि सायखेडा कुठून कळलं तुम्हाला?"

"गाढवा, तुझ्या बारशाला पेढे घेऊन मी गेलो होतो सायखेड्याला!" काका छत्री उगारत म्हणाले. "आणि मला विचारतोस, लाज वाटत नाही?"

"तुम्ही माझा बाप काढलात!"

"माझा सख्खा भाऊ तो, मी काढीन!"

वैद्यांचं काय झालं म्हणता? त्यांचा बिचाऱ्यांचा लंडनहून फोन आला. विश्वास ठेवू नका असं जे पत्र आलंय, त्याच्यावर विश्वास ठेवायचा का, हे विचारायला! काकांनी समजूत घातली, आणि मंडळी ठरल्या दिवशी नाशिक रोडला उतरली. मी अर्थातच बॅगा उचलायला हजर. दोन्ही हातांत बॅगा, खांद्यावर एक, गळ्यात वैद्यांच्या आईची पर्स.

त्या म्हाताऱ्या बाईंनी काकांना वाकून नमस्कार केला आणि काळजीने विचारलं, "गुरुजी, तो मेलचा चोर सापडला का हो?"

"सापडला की," काका शांतपणे म्हणाले. "घरचाच निघाला."

"अगं बाई! मग कुठे ठेवलाय त्याला?"

"ठेवणार कुठे?" काकांनी छत्रीचं टोक माझ्याकडे केलं. "हा काय, तुमचं सामान घेऊन उभाय."

ती माउली तरातरा पुढे आली आणि माझ्या गळ्यातली पर्स काढून घेतली.