फोनवरची भवानी

मंडईच्या कोपऱ्यावर शेवंताबाई पोतं अंथरून मेथी विकतात. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, त्या रोखीनंच घेतात. नोट कपाळाला लावल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. आज पहिलं गिऱ्हाईक मीच होतो आणि माझ्या खिशात रोख एक रुपयाही नव्हता.

"राहू द्या, उद्या नेतो," मी म्हणालो.

"पहिलं गिऱ्हाईक असं रिकाम्या हातानं जातं होय, दादा? टाका फोनवरनंच."

मी कोड स्कॅन केला. जुड्यांशेजारची डबी बोलली, "वीस रुपये मिळाले." बाई क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी ती डबीच उचलली, कपाळाला लावली, मेथीवरून ओवाळली आणि जागेवर ठेवली.

माझ्या पाकिटातलं कार्ड म्हणे जगभर चालतं. पण त्याला मशीन लागतं, मशीनला दुकान लागतं. या पोत्यापर्यंत ते कधी वाकलं नाही. पुतण्याच्या क्रिप्टोचं तर विचारूच नका. भाव बघून त्याचा जीव रोज वर-खाली होतो, पण त्यातून मेथीची एक जुडी काही घरी येत नाही. आणि हे फोनवरून पैसे द्यायचं तंत्र, आपल्याच देशातल्या माणसांनी उभं केलेलं, बाईंच्या विसातला एक पैसाही न कापता थेट जमिनीवर येऊन बसलं. ती माणसं कोण, त्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत.

मेथी पिशवीत टाकली. फोन खिशात ठेवायला गेलो, तर हात आपसूक कपाळाकडे गेला.