न सांगता जाणारी आई

वाणगावच्या पूर्वेला, डोंगराकडच्या पाड्यावर नवसीचं माहेर. ती लहान असताना भात झोडून झालं की आईवडील वीटभट्टीवर निघत आणि तिला मावशीकडे, इंदुबाईकडे ठेवत. पोर रडेल म्हणून आई ती झोपेत असतानाच जाई. जाग आल्यावर नवसी शेजारी हात फिरवी, तर गोधडी गार. पन्नाशीतली नवसी आजही ते दिवस मायेनं सांगते: मावशीची नागलीची भाकर, चिंचेखालचे खेळ, उन्हाळ्यात परतलेल्या आईच्या लुगड्याचा धुरकट वास. आई आली की दोन दिवस ती जवळच जात नसे. मग पदर सोडत नसे.

देवूशी लग्न करून ती सालवडला आली. तो बोईसरच्या एका कारखान्यात होता. त्याला यायला उशीर झाला की ही अबोला धरी.

"मी कुठं जाणार हाय?" तो विचारी.

देवाशीही तसंच. सासू गावदेवाला नारळ ठेवायची, तेव्हा नवसी लांबच उभी राही. राग नव्हता, पण हाक मारली तर तो येईल असं मनच घेत नव्हतं.

पुढे ती अंगणवाडीत मदतनीस झाली. पोराची नजर चुकवून सटकणाऱ्या आयांना ती थांबवी. रडलं तर रडू दे, पण तोंड दाखवून जा, म्हणे.

तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि आई तिच्याकडे राहायला आली. एका दुपारी वाल सोलताना नवसीनं जन्मात पहिल्यांदा विचारलं, "आये, मला उठवत का नव्हतीस?"

म्हातारीचे हात थांबले. "तू उठली असतीस तं माझा पाय निघला नसता."

मग तिनं सांगितलं. एका वर्षी ती वाणगाव स्टेशनावरून एकटीच माघारी आली होती. कुडाच्या भिंतीच्या फटीतून पोरीला मावशीजवळ हसताना पाहिलं, आणि आत न जाताच परतली.

नवसी सरकून आईला टेकून बसली. वाल तसेच राहिले.

त्या वर्षी गावदेवाला गेल्यावर ती आईबरोबर पुढे गेली आणि बराच वेळ तिथंच बसली. काय मागितलंस, असं देवूनं विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली. "बसले व्हते जरा."