थांब म्हणणारं कुणी

चौक गावाहून बसने आलेली ती कोळीण मीरा रोडच्या आमच्या दवाखान्यात माझ्यासमोर खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. येताना तिने हात लिंबाने घासले होते, तरी अधूनमधून बोटं हुंगून पाहायची. मागे दाराला टेकून तिचा नवरा उभा होता.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, असं मी सांगितलं. कशाने झाला, तिने विचारलं. मी रोज सांगते तेच सांगितलं. पेशीने वाटेल तेव्हा एकीच्या दोन होऊ नये म्हणून तिला थांबवणारे पहारेकरी तिच्या आतच असतात. हा कॅन्सर बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो; तो पेशीत शिरून स्वतःची प्रथिनं बनवतो. एक प्रथिन एका पहारेकऱ्याला संपवतं, दुसरं दुसऱ्याला धरून ठेवतं. मग पेशी वाढतच जातात.

"पन आला कुठून?" नवऱ्याने विचारलं.

"शरीरसंबंधातून. वर्षानुवर्षं अंगात गप्प राहतो. कोणाकडून आला, ते सांगता येत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं मी हे समजावतेय, नवरे या वाक्याला बायकोकडेच बघतात.

तिने पदर खोचला आणि नवऱ्याकडे बोट करून मला म्हणाली, "पेशीला थांब म्हनायला कोनतरी होता, मॅडम. याला कदी कोन बोललाच न्हाय."

उपचारांना ती जावेसोबत येते. नवरा का येत नाही, असं मी एकदा विचारलं.

"तो बोलतो, बायकांचा आजार हाय," जाऊ म्हणाली, "माजं तिथं काय काम."