बॉनेटखालचं खोबरं

दसऱ्याला इथे परदेशात, पुंगोलच्या कार पार्कमध्ये आम्ही गाडीची पूजा केली. बॉनेट उघडून इंजिनलाही हळदकुंकू वाहिलं, आणि तिथे ठेवलेली खोबऱ्याची वाटी उचलायला विसरलो. आठवड्याभरात गाडी सुरूच होईना.

गॅरेजवाले चिनी अंकल सत्तरीचे असतील. चष्मा कपाळावर चढवून ते वायरींवरून बोट फिरवत होते, पोराचं खरचटलेलं ढोपर बघावं तसं. “रॅट,” एवढंच म्हणाले. सगळं वायरिंग बदलायचा खर्च ऐकून बायको मटकन स्टुलावर बसली.

तेवढ्यात त्यांच्या हाताला ते खोबरं लागलं. अर्धं कुरतडलेलं, कुंकू तसंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हा माणूस हसणार, नाहीतर झापणार. अंकलनी हाताचं ग्रीस पुसलं, खोबरं टिश्यूत गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी बायकोला दिलं. “प्रेयर थिंग. कॅनॉट थ्रो.”

मग त्यांनी मानेनेच कोपऱ्यातला आपला लाल देव्हारा दाखवला. उदबत्तीपुढे संत्री ठेवली होती. संत्र्यांवर जाळीचं झाकण होतं आणि झाकणावर वजनाला एक भलामोठा पाना.

“माय गॉड ईट स्लो,” अंकल म्हणाले. “रॅट व्हेरी फास्ट, लाह.”